तीनशे तासांचा कंडेन्सर

त्या रविवारी दुपारी ‘कावासेमी’ कॉफीघरात पाय ठेवायला जागा नव्हती. बावीसच्या बावीस खुर्च्या भरल्या होत्या, उरलेले दहाबारा जण कोट मांडीवर घेऊन भिंतीशी जमिनीवर बसले होते, आणि सगळ्यांचे डोळे दोन स्पीकरांच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसावर लागले होते. अंगात काळा किमोनो, हातात पांढरे सुती मोजे, आणि तळहातावरच्या रेशमी रुमालात करंगळीएवढ्या दोन काळ्या कुळकुळीत नळकांड्या. हे कुरुसु सेन्सेई, म्हणजे गुरुजी. तोक्योहून खास आले होते.

“हे कंडेन्सर नाहीत,” सेन्सेई म्हणाले. “कंडेन्सर कारखान्यात तयार होतात. हे जन्माला आले आहेत.”

कंडेन्सर म्हणजे अॅम्प्लिफायरमधला वीज साठवणारा लहानसा भाग. मग त्यांनी या दोघांची जन्मकथा सांगितली. डोंगरातल्या एका देवळात मोठ्या घंटेखाली या नळकांड्या शंभर दिवस ठेवल्या होत्या. रोज पहाटे घंटा वाजायची आणि तो नाद त्यांच्यात मुरायचा. नंतर एका म्हाताऱ्या कारागिराने त्यांच्यावर लाखेचे सात थर चढवले, तेही चंद्र वाढता असतानाच. वीज मुळात उद्धट असते, घंटा ऐकलेला कंडेन्सर तिला नम्रपणा शिकवतो, असं सेन्सेईंचं म्हणणं. मी नेझू, निगाताच्या मासळी बाजारामागे चाळीस वर्षं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करतो आहे. विजेचे झटके मी पोटभर खाल्ले आहेत. ती नम्र झालेली मला अजून दिसायची आहे.

पण लोक ऐकत होते. निवृत्त स्टेशनमास्तर ताकाराबे तर वहीत टिपून घेत होते.

सेन्सेईंनी अॅम्प्लिफायरचं झाकण उघडलं, जुने दोन कंडेन्सर काढले, नव्या नळकांड्या डाख देऊन बसवल्या आणि झाकण लावून स्क्रूवर लाल मेणाचा शिक्का मारला. शिक्का कोणी तोडायचा नाही. अॅम्प्लिफायर रात्रंदिवस चालू ठेवायचा, तीनशे तास. तेवढ्या वेळात कंडेन्सर पिकतात. पुढच्या रविवारी ते स्वतः येऊन पाहणी करणार होते. एवढं सांगून त्यांनी तबकडी लावली.

पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर मालक बसला होता, मिनोबे शोकिची. अशा कॉफीघराच्या मालकाला आमच्याकडे मास्टर म्हणतात, तसा सगळं गाव त्याला मास्टर म्हणतं. पियानो सुरू झाला आणि अर्ध्या मिनिटात त्याचे डोळे भरून आले. तबकडी संपेपर्यंत तो हलला नाही. संपल्यावर तो एवढंच म्हणाला, की डावी बाजू परत आली. मग सेन्सेईंसमोर कमरेत वाकला, आणि त्याच्यामागे सगळं कॉफीघर वाकलं.

मीही वाकलो. ते आधी कबूल करतो, कारण पुढे मी इतरांना बरंच काही बोलणार आहे. मला पियानो सरळ सरळ डावीकडे कलंडलेला ऐकू येत होता. तरी मी वाकलो.

आता मास्टरबद्दल सांगायला हवं. ‘कावासेमी’ त्याने छत्तीस वर्षांपूर्वी सुरू केलं. कॉफी, दुपारी करी-राईस, आणि दिवसभर जॅझच्या तबकड्या. अॅम्प्लिफायर त्याने स्वतःच्या हाताने बांधलेला, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. दारातच पाटी आहे, ‘तबकडी चालू असताना बोलू नये.’ सगळ्या खुर्च्या स्पीकरांकडे तोंड करून जमिनीला स्क्रूने आवळलेल्या आहेत. माणसं येतात, कॉफी मागवतात, डोळे मिटून दोन तास बसतात आणि जातात. छत्तीस वर्षांत स्पीकरांकडे पाठ करून तिथे कोणी बसलेलं नाही. देवघरात पाय पसरून बसण्यासारखंच ते.

आणि मास्टरचा कान म्हणजे गावात शेवटचा शब्द. एकदा तो मला म्हणाला होता, की उजवीकडचा दुसरा व्हॉल्व्ह दमला आहे. मी मीटर लावला तर खरंच तोच व्हॉल्व्ह उतरलेला. तेव्हापासून मी स्वतः त्याच्या कानाची जाहिरात करत आलो. नवा अॅम्प्लिफायर घेणारा माणूस आधी मास्टरला ऐकवायचा आणि मगच त्याला तो आवडायचा.

हा चमत्कार होण्याआधी चारच दिवस, बुधवारी सकाळी, मास्टरने दुकान उघडून पहिली तबकडी लावली तेव्हा डावी बाजू त्याला बसलेली वाटली. गुरुवारी त्याने मला बोलावलं. मी मीटर लावला. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. मी व्हॉल्व्हची अदलाबदल केली, तरी त्याला डावीकडेच कमी ऐकू येत होतं. स्पीकरच्या तारा उलटसुलट जोडल्या, तरी डावीकडेच. त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. अॅम्प्लिफायरची डावी बाजू मी उजव्या स्पीकरला जोडली होती. दोष अॅम्प्लिफायरचा असता तर तो तारांबरोबर उजवीकडे जायला नको का? मला स्वतःला तर दोन्हीकडे सारखंच ऐकू येत होतं. पण समोर मास्टरचा कान. मी मान खाजवली आणि म्हणालो, मीटरला सगळंच कळतं असं नाही. चाळीस वर्षं मीटरवर पोट भरलेल्या माणसाने हे बोलावं याची मला आजही लाज वाटते.

माझं हे वाक्य ताकाराबेंनी उचललं आणि सेन्सेईंना तोक्योला फोन लावला. सेन्सेई अशाच वाक्याच्या शोधात फिरत असतात.

एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर कोणी म्हणेल नेझूला सगळंच थोतांड दिसतं. अॅम्प्लिफायरमधल्या सुट्या भागांनी आवाज बदलतो. कंडेन्सर वाळला की स्पीकर घुमतो. तो गळायला लागला की व्हॉल्व्ह तापतो आणि सूर फाटतो. जुना रेझिस्टन्स, म्हणजे वीज अडवणारा भाग, तव्यावरच्या तेलासारखा चुरचुरतो. हे सगळं मीटरवर दिसतं, दुरुस्त होतं आणि त्याची पावती मिळते. घंटेचा नाद मीटरवर दिसत नाही, आणि तो ज्याला विकायचा असतो तो आधी मीटरचीच निंदा करतो.

चमत्कारानंतरच्या शनिवारी संध्याकाळी मास्टरची बायको इकुए-सान माझ्या दुकानात आली. छत्तीस वर्षं ती ‘कावासेमी’च्या स्वयंपाकघरात करी शिजवते आहे. सुरांबद्दल तिला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि सरळ मुद्द्यावर आली.

“नेझू-सान, स्वयंपाकघरात अॅम्प्लिफायर असतो का?”

मी नाही म्हणालो.

“मग तिथेही त्यांना माझी हाक डावीकडून का ऐकू येत नाही?”

मी हातातलं सोल्डरिंग आयर्न बंद केलं.

तिने सगळं सांगितलं. त्याच बुधवारपासून मास्टरचा डावा कान दडपलेला आहे. आत बारीक शिटी वाजत राहते. फोन तो उजव्या कानाला लावतो, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. काल दारासमोर डावीकडून ट्रक येत होता आणि हा पठ्ठ्या खुशाल रस्त्यावर उतरला. तिने दंड धरून मागे ओढलं. मास्टरने सेन्सेईंना शिटीबद्दल विचारलं होतं म्हणे. सेन्सेई म्हणाले, कान जुना आवाज टाकून देतो आहे, शुभलक्षण आहे. या तीनशे तासांत डॉक्टरकडे मात्र जाऊ नका, औषधाने कान कोमेजतो.

इकुए-सानने आपल्या बुद्धीने कानाच्या दवाखान्यात फोन केला होता. तिथल्या बाईंनी सांगितलं, की कान असा अचानक गेला तर औषध जितकं लवकर तितकं बरं. दोन आठवडे उलटले की फारसा उपयोग होत नाही. तिने पिशवीतून स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून माझ्यासमोर धरलं. शनिवार हा अकरावा दिवस होता. तीनशे तास सतरावा दिवस उलटल्यावर संपत होते.

“मी सांगितलं तर म्हणतात, तुला संगीतातलं काय कळतं,” ती म्हणाली. “तुमचं ऐकतील. तुम्ही निदान स्क्रूड्रायव्हरवाले आहात.”

मास्टर दवाखान्यात का जात नाही हे मला न सांगता कळलं. कंडेन्सर बिघडला तर कंडेन्सर बदलता येतो. कान बिघडला असं म्हटलं तर मास्टरमधलं मास्टरपणच गेलं. त्याला सेन्सेईंवर श्रद्धा होती असं नाही, तो घाबरला होता. आणि घाबरलेला माणूस सेन्सेईंना लांबून ओळखू येतो.

दुसऱ्या दिवशी रविवार, दवाखाना बंद. सोमवारी तेरावा दिवस. म्हणजे जे काही करायचं ते रविवारीच, आणि तेव्हा सेन्सेई पाहणीला येणारच होते.

मी गेलो तेव्हा पुन्हा तशीच गर्दी. या वेळी सेन्सेईंच्या रुमालात दोन नव्हे, चौदा नळकांड्या होत्या. गावातल्या सात अॅम्प्लिफायरवाल्यांनी नावं नोंदवली होती, एका नळकांडीला ऐंशी हजार येन. सेन्सेई झाकणाला कान लावून म्हणत होते, की कंडेन्सर आता झोपेतून जागे होताहेत. त्यांना ते घोरताना कसे ऐकू आले नाहीत, देव जाणे.

मी सरळ पहिल्या रांगेपाशी जाऊन गुडघ्यावर बसलो आणि मास्टरच्या रिकाम्या खुर्चीचे स्क्रू सोडवायला लागलो. चार स्क्रू. छत्तीस वर्षांचा गंज, वेळ लागला.

“नेझू-सान,” सेन्सेई हसून म्हणाले, “कंडेन्सर खुर्चीत नसतो.”

“माहीत आहे,” मी म्हणालो. “कानातही नसतो.”

खुर्ची सुटली. मी ती उचलून उलटी ठेवली, पाठ स्पीकरांकडे, तोंड लोकांकडे. मी मास्टरला म्हणालो, बस.

सेन्सेईंशेजारी उभा असलेला मास्टर जागचा हलला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो हळू आवाजात म्हणाला, की हे असलं काही आपल्या दुकानात होत नाही. मी त्याला समजावलं, की गोष्ट अगदी साधी आहे. सेन्सेईंनी डावी बाजू बरी केली असेल, तर आता दोन्ही स्पीकर सारखे आहेत. सारखे असतील तर तोंड करून बस की पाठ करून, दोन्ही कानांना सारखंच ऐकू यायला हवं. सेन्सेईंनी मध्येच सुरुवात केली, की ध्वनीला मान द्यावा लागतो, पाठमोऱ्या माणसाकडे नाद येत नाही. नाद काय रुसलेली सासू आहे, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून इकुए-सान पुढे आली. तिच्या हातात करीचा डाव तसाच होता.

“अहो,” ती म्हणाली, “परवा तुम्ही ट्रकसमोर उतरलात. बसा.”

मास्टर बसला.

मी एक जुनी तबकडी निवडली होती, जिच्यात डावं-उजवं असा भेद नाही, दोन्ही स्पीकरांत एकच आवाज जातो. सुई ठेवली. ट्रम्पेट सुरू झाला. आणि पाटीचा नियम तिथेच होता, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. सगळे फक्त मास्टरच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या लोकांनी ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा पाहिला असेल.

मास्टरने आधी डोळे मिटले. मग उघडले. मग त्याचा डावा हात हळूहळू वर गेला आणि डाव्या कानावर टेकला. त्याने तो कान झाकला, सोडला, पुन्हा झाकला. त्याला काहीच फरक पडत नव्हता. तबकडी अर्ध्यावर असताना त्याने स्वतःच दारातल्या पाटीचा नियम मोडला.

“सगळं उजवीकडे गेलं,” तो म्हणाला. “डावीकडे काहीच नाही. नेझू, माझा कान गेलाय.”

मी सुई उचलली. सेन्सेई लगेच म्हणाले, की ही दुःखाची गोष्ट आहे, पण मानवी कानाची जबाबदारी त्यांची नाही. कंडेन्सर आपलं काम चोख करत आहेत. मी विचारलं, खरंच? आणि लाल मेणाचा शिक्का स्क्रूड्रायव्हरने उडवला.

आधी मी सुई पुन्हा तबकडीवर ठेवली, स्पीकरांना मीटर लावला आणि ताकाराबेंना काटा वाचायला सांगितला. स्टेशनमास्तर माणूस, आकडे मोठ्याने वाचायची सवय. त्याच तबकडीवर, त्याच क्षणी, डावीकडे दोन व्होल्ट, उजवीकडे एक. दहा दिवसांपूर्वी माझ्याच मीटरने दोन्ही बाजू सारख्या दाखवल्या होत्या. मग मी प्लग काढला, साठलेली वीज उतरवली आणि दोन्ही नळकांड्या सोडवून पकडीने फोडल्या. सात थर लाख चांगली टणक होती, तेवढं श्रेय कारागिराला देतो. डावीच्या पोटातून निघाला माझ्या दुकानात डबाभर पडलेला असतो तसला साधा कंडेन्सर. उजवीच्या पोटातूनही तोच, पण त्याच्या पायाला तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टन्स डाखलेला होता. तो तिथे एकाच कामासाठी होता, उजव्या बाजूचा आवाज निम्म्यावर आणण्यासाठी.

मी ते तळहातावर घेऊन रांगेरांगेतून फिरवलं. सेन्सेईंनी डावी बाजू काडीइतकीही सुधारली नव्हती. त्यांनी चांगल्या बाजूचा गळा आवळला आणि मग आवाजाचं बटण थोडं पुढे सरकवलं. ज्याचा डावा कान अधू आहे त्याला डावा स्पीकर मोठा आणि उजवा लहान करून दिला, की दोन्हीकडे सारखं वाटतं. झाला चमत्कार.

“आता एकच प्रश्न,” मी सेन्सेईंना म्हणालो. “अॅम्प्लिफायर बिघडला आहे असं तुम्हाला वाटत होतं, तर चांगली बाजू का दाबलीत? उजवीकडे हा दाणा घालायचं ज्याला सुचतं, त्याला कान गेलाय हे ठाऊक असतं.”

सेन्सेईंनी रुमाल जवळ ओढला.

“आणि ठाऊक असून तुम्ही म्हणालात, तीनशे तास डॉक्टरकडे जाऊ नका.”

यावर त्यांनी रेशमी रुमालाची चार टोकं जुळवली, चौदा नळकांड्या बांधल्या आणि गाडीची वेळ झाली असं पुटपुटले. ताकाराबेंनी घड्याळ पाहून सांगितलं, की तोक्योची गाडी चाळीस मिनिटांनी आहे, फलाटावर उभं राहायला भरपूर वेळ मिळेल. सेन्सेई दारात वाकले. या वेळी उलट कोणी वाकलं नाही, आणि आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.

ते गेल्यावर ताकाराबे खाली बघत म्हणाले, “मला पहिल्याच दिवशी पियानो डावीकडे सरकलेला वाटला होता. म्हटलं, आपला कानच तयार नसेल.”

मग दुसरा म्हणाला, मलाही. मग खिडकीजवळचा. मोजलं तर तेहतीस माणसांपैकी जवळजवळ सगळ्यांना ते ऐकू आलं होतं. तेहतीस धडधाकट माणसं एका आजारी कानावर विश्वास ठेवून आपापले चांगले कान खिशात घालून बसली होती, आणि त्यांच्यात हा मीटरवाला शहाणाही होता. एकाने जरी तोंड उघडलं असतं, तर मास्टर सात दिवस आधी दवाखान्यात पोचला असता.

सोमवारी सकाळी दवाखान्याचं दार उघडायच्या आधी मास्टर आणि इकुए-सान पायरीवर उभे होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला दाखल करून घेतलं, आठ दिवस औषध दिलं. कान परत आला, पण अर्धाच. बास पूर्वीसारखा ऐकू येतो, हाक ऐकू येते, ट्रकही येतो. पण झांजेच्या कडेवर काठी हलकेच घासली की जो बारीक सळसळाट होतो, तो डाव्या कानाला पुन्हा कधी ऐकू येणार नाही. पहिल्या आठवड्यात आला असता तर? मी विचारलं. बाई म्हणाल्या, खात्रीने सांगता येत नाही, पण बरी शक्यता होती. ही ‘बरी शक्यता’ कुरुसु सेन्सेईंनी रेशमी रुमालात बांधून नेली. बाकी कशाचाच मला इतका राग नाही.

मास्टर घरी आल्यावर मी खुर्ची पुन्हा आवळायला गेलो, तर त्याने हात धरला. राहू दे म्हणाला, ज्याला फिरवायची असेल त्याला फिरवता आली पाहिजे. मग त्याने दारातली पाटी काढली. मला वाटलं, जुना नियमच पुसणार. त्याने पुसला नाही. ‘तबकडी चालू असताना बोलू नये’ याच्या खाली त्याने कुंचल्याने आणखी एक ओळ लिहिली, ‘वेगळं ऐकू आलं तर ताबडतोब बोलावं.’ लिहून झाल्यावर एक तबकडी लावून, बरोबर ऐकू येतंय ना, हे त्याने आधी ताकाराबेंना आणि मग बायकोला विचारलं. इकुए-सान आता दुपारी करी उतरवून पंधरा मिनिटं पहिल्या रांगेत बसते आणि झांजा नीट वाजताहेत की नाही ते मास्टरला सांगते. तिचा कान चांगला आहे. छत्तीस वर्षं कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

तुमच्या घरी अॅम्प्लिफायर असेल नसेल, पण असले सेन्सेई सगळीकडे हिंडतात. त्यांची खूण सोपी आहे. ते झाकणावर शिक्का मारतात, मीटरला हसतात आणि डॉक्टरला लांब ठेवतात. असा माणूस भेटला तर वाद घालत बसू नका. शिक्का तोडा, काटा वाचा, खुर्ची फिरवून बघा. आणि तुम्हाला पियानो डावीकडे ऐकू येत असेल तर भर सभेत तसं सांगा, कारण पहिल्या रांगेतल्या माणसाचे औषधाचे दिवस संपत असतात.